क्लिकशिवाय उघडणारं पॅनल: ब्राउझर एक्स्टेन्शनसाठी ते कसं रचावं

सातबारा उताऱ्याचं पान उघडलं की शेजारी एक अरुंद पट्टी यावी. ‘पोटखराब’ म्हणजे काय, ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर जमीन विकताना परवानगी का लागते, ०.८१.०० हे क्षेत्र एकरात किती भरतं, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असावं. आणि हे वाचायला माणसाला टूलबारवरचं कुठलंही बटण शोधावं लागू नये. गावाकडच्या कुणासाठी असं एक्स्टेन्शन लिहायला बसलं की ही कल्पना हमखास सुचते, कारण ज्याला या शब्दांचा अर्थ माहीत नाही त्याला एक्स्टेन्शनचं बटण कुठे असतं हेही बहुधा माहीत नसतं.

अडचण लगेच समोर येते. क्रोमचं साइड पॅनल कोडमधून उघडता येतं, पण वापरकर्त्याने काहीतरी केल्याच्या उत्तरादाखलच: क्लिक, शॉर्टकट किंवा राइट-क्लिक मेन्यूतली निवड. फायरफॉक्सच्या साइडबारलाही हीच अट आहे. मग पळवाटा शोधल्या जातात. कुणी वेगळी खिडकीच उघडतं, तर कुणी पानावरचा पहिला कुठलाही क्लिक पकडून त्याच्या आडून पॅनल उघडतं. त्या वाटेने मी जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. पॅनल आपोआप उघडायला माझी हरकत नाही, पण माणसाने एकदा स्वतःहून ‘इथे उघडत जा’ असं सांगितलेलं असलं पाहिजे आणि त्याने बंद केलेलं लक्षात राहिलं पाहिजे. एवढी अट पाळून रचना केली की ब्राउझरचे नियम कुठेच आड येत नाहीत.

पुढे उदाहरण म्हणून हेच सातबारा-पॅनल धरलं आहे. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या त्याच राहतील.

पायरी १: उघडण्याचं कारण तपासा

कोडला हात लावण्याआधी एक वाक्य लिहा: ‘अमुक पानावर, अमुक गोष्ट दिसली, की अमुक माहिती लागते.’ आपल्या उदाहरणात ते असं होईल: ‘भूमी अभिलेखाच्या साइटवर उतारा दिसू लागला की त्यातल्या शब्दांचे अर्थ आणि क्षेत्राचं रूपांतर लागतं.’ या वाक्यात साइट, क्षण आणि माहिती तिन्ही ठोस आहेत. तुमचं वाक्य ‘कुठल्याही पानावर वापरकर्त्याला आमच्या सोयी कळाव्यात’ असं होत असेल, तर ते पॅनल आपोआप उघडण्याच्या लायकीचं नाही. ती जाहिरात आहे. तिला टूलबारवरचा आयकॉन पुरेसा आहे.

क्षण नेमका पकडणं फार महत्त्वाचं. उतारा पाहण्याआधी माणूस जिल्हा, तालुका, गाव निवडतो, गट क्रमांक टाकतो, कॅप्चा वाचून अक्षरं भरतो. तेव्हा त्याला शब्दार्थ नको असतात. त्याचं लक्ष त्या वाकड्यातिकड्या अक्षरांवर असतं. अशा वेळी काहीही सरकलं, उमटलं किंवा फोकस हलला तर कॅप्चा चुकतो आणि फॉर्म पुन्हा भरावा लागतो. साइट तीच असली तरी क्षण चुकीचा असतो.

पायरी २: कोणता पर्याय काय करू देतो ते समजून घ्या

एक्स्टेन्शनसाठी क्रोमचं साइड पॅनल मे २०२३ मध्ये, ११४ व्या आवृत्तीत आलं. ते कोडमधून उघडण्याची सोय ११६ पासून आहे, वर सांगितलेल्या अटीसह. पानाच्या मजकुरावर ते येत नाही, स्वतःची जागा घेतं, आणि टॅब बदलला तरी उघडं राहू शकतं. वाचायच्या माहितीसाठी याहून चांगली जागा नाही.

टूलबारच्या आयकॉनखाली उघडणारं पॉपअपही क्रोम १२७ पासून कोणत्याही एक्स्टेन्शनला कोडमधून उघडता येतं. ते पाहून मोह होतो, पण पॉपअप उघडताच फोकस स्वतःकडे घेतं आणि पानावर क्लिक झाला की मिटून जातं. माणूस टाइप करत असताना ते उघडलं तर त्याची पुढची अक्षरं पॉपअपमध्ये जातात. शिवाय त्याचा आकार ८०० बाय ६०० पिक्सेलच्या पुढे जात नाही. आपोआप उघडण्यासाठी मी ते कधीच वापरत नाही.

वेगळी खिडकी उघडायला कुणाची अट नाही, पण तिचा पानाशी संबंध तुटतो, ती इतर खिडक्यांखाली दडते आणि दिसायला थेट जाहिरातीसारखी दिसते. ऑपरेटिंग सिस्टिमची सूचना पान सोडून गेलेल्या माणसासाठी असते. समोर बसलेल्याला तिचा उपयोग नाही.

फायरफॉक्समध्ये एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. साइडबार असलेलं एक्स्टेन्शन बसवलं की साइडबार आपणहून उघडते, कारण मॅनिफेस्टमधली, म्हणजे एक्स्टेन्शनच्या माहितीच्या फाइलमधली, ‘ओपन ॲट इन्स्टॉल’ ही किल्ली मुळातच ‘हो’ असते. ती ‘नाही’ करा. बसवल्या क्षणी माणूस सातबाऱ्याच्या पानावर नसतो. त्याला रिकामी पट्टी दाखवून काही साधत नाही.

उरतात दोन गोष्टी, ज्या क्लिकशिवाय दाखवायला ब्राउझर अडवत नाही: आयकॉनवरचा छोटा बॅज, आणि कंटेंट स्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या एक्स्टेन्शनच्या कोडने) पानातच काढलेली पट्टी. आपल्या रचनेचा पाया याच दोन्हींवर.

पायरी ३: तीन टप्पे ठरवा

पहिला टप्पा बॅजचा. उतारा ओळखला की आयकॉनवर एखादा आकडा, समजा पानात सापडलेल्या अवघड शब्दांची संख्या. बॅजवर चारेक अक्षरांपलीकडे मावत नाही, तेव्हा आकडाच बरा. बॅज दाखवायला वेगळी संमती लागत नाही, कारण तो कुणाच्या कामाच्या आड येत नाही; पान वाचायला मात्र साइटची परवानगी (पायरी ४) लागते.

दुसरा टप्पा पानातल्या चिठ्ठीचा: खालच्या कोपऱ्यात दोन ओळी, एक बटण, एक बंद करायची खूण. ती आपोआप येते, पण ज्याने या साइटवर तशी मुभा दिली आहे त्याच्यासाठीच.

तिसरा टप्पा साइड पॅनल. ते चिठ्ठीतल्या बटणाने उघडतं, आणि एकदा उघडल्यावर पानामागोमाग स्वतःचा मजकूर बदलत राहतं. गावातल्या चार गटांचे उतारे एकामागून एक पाहणाऱ्याला एकच क्लिक करावा लागतो. पुढे सगळं आपोआप.

हा तिसरा टप्पा नीट समजला की ‘क्लिकशिवाय उघडणं’ हा प्रश्नच बराचसा मावळतो. लोकांना पट्टी उघडण्याचा एक क्लिक जाचत नाही. प्रत्येक पानावर तो पुन्हा करावा लागणं जाचतं.

पायरी ४: मॅनिफेस्ट आणि परवानग्या

मॅनिफेस्ट तिसऱ्या आवृत्तीचं घ्या. परवानग्यांत साइड पॅनल, स्टोरेज आणि स्क्रिप्टिंग एवढं पुरतं. साइड पॅनलच्या किल्लीत पॅनलच्या पानाचा पत्ता द्या आणि किमान क्रोम आवृत्ती ११६ लिहा, म्हणजे जुन्या ब्राउझरवर एक्स्टेन्शन अर्धवट चालण्याचा प्रश्न राहत नाही.

साइटची परवानगी ऐच्छिक यादीत टाका, अनिवार्य यादीत नाही. ऐच्छिक परवानगी मागतानाही ब्राउझरला वापरकर्त्याचा क्लिक लागतो, आणि तो आपल्याकडे आहेच: ‘या साइटवर चिठ्ठी आपोआप दाखवा’ ही टिक करायची चौकट. माणसाने तिच्यात टिक केली की त्याच क्लिकच्या उत्तरात साइटची परवानगी मागा. मिळाली की त्या साइटपुरती कंटेंट स्क्रिप्ट नोंदवा. कोडमधून अशी नोंदणी करण्याची सोय स्क्रिप्टिंग एपीआयमध्ये आहे आणि ब्राउझर बंद करून उघडला तरी ती नोंदणी टिकते. संमती आणि परवानगी एकाच कृतीत बसतात, आणि बसवताना ‘सर्व साइट्सवरचा डेटा वाचेल’ हा घाबरवणारा इशाराही येत नाही.

चौकट सुरुवातीला रिकामी असावी आणि तिची जागा साइड पॅनलच्या तळाशी. ज्याने पॅनल स्वतः उघडून वापरलं आहे त्यालाच ‘आपोआप’ म्हणजे काय मिळणार हे कळतं. बसवल्याबरोबर उघडणाऱ्या स्वागताच्या पानावर ही चौकट ठेवली तर लोक न वाचता पुढे जातात, आणि अशी संमती आठवडाभरही टिकत नाही.

कुणी ब्राउझरच्या सेटिंगमधून परवानगी परस्पर काढून घेतली, तर तशी घटना एक्स्टेन्शनला कळते. ती ऐका आणि नोंदवलेली स्क्रिप्ट व चौकट दोन्ही मागे घ्या. नाहीतर पॅनलमध्ये खूण दिसत राहते आणि प्रत्यक्षात काहीच होत नाही.

पायरी ५: योग्य क्षण ओळखा

पत्ता जुळला म्हणजे क्षण आला असं होत नाही. उतारा दाखवणारी पानं बहुतेकदा त्याच पत्त्यावर मजकूर बदलतात. तेव्हा कंटेंट स्क्रिप्टमध्ये पानाच्या बदलांवर नजर ठेवणारा म्यूटेशन ऑब्झर्व्हर लावा आणि ‘गाव नमुना’, ‘भोगवटादार’, ‘क्षेत्र’ यांसारख्या किमान तीन खुणा एकत्र दिसल्या तरच उतारा आहे असं माना. एकटा ‘क्षेत्र’ हा शब्द बातमीतही असतो. ऑब्झर्व्हर दर छोट्या बदलाला धावतो, म्हणून बदल थांबल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंद वाट पाहून मगच तपासा.

मजकूर चित्राच्या रूपात आला तर कंटेंट स्क्रिप्टला त्यातलं काही वाचता येत नाही. अशा वेळी अंदाज बांधून चिठ्ठी दाखवू नका. बॅजही नको. माणूस पॅनल स्वतः उघडेल तेव्हा त्यात शब्दांची पूर्ण यादी आणि क्षेत्र हाताने टाकायचा रकाना असू द्या.

उतारा ओळखल्यावरही काही वेळा थांबावंच लागतं. पान मागच्या टॅबमध्ये असेल तर समोर येईपर्यंत थांबा. कर्सर एखाद्या रकान्यात असेल तर तो बाहेर पडेपर्यंत थांबा. पूर्ण पडद्यावर काही चालू असेल किंवा पानाने स्वतःचा डायलॉग उघडला असेल, तर तो बंद होईपर्यंत थांबा. डायलॉगचं कारण तांत्रिकही आहे. पानाने खरा मोडल डायलॉग उघडला की त्याच्या बाहेरचं सगळं निष्क्रिय होतं. तुमची चिठ्ठी दिसेल, पण तिच्यावर क्लिक चालणार नाही, आणि वापरकर्त्याला ती बिघडलेली वाटेल.

कोणत्या टॅबवर चिठ्ठी दाखवली हे लक्षात ठेवायला सर्व्हिस वर्करमधले (एक्स्टेन्शनच्या पार्श्वभूमीत चालणाऱ्या कोडमधले) साधे व्हेरिएबल कामाचे नाहीत. ३० सेकंद काही घडलं नाही की क्रोम वर्कर झोपवतो आणि स्मृती पुसली जाते. सत्रापुरत्या स्टोरेजमध्ये नोंद ठेवा. ती मेमरीतच राहते, डिस्कवर उतरत नाही, आणि ब्राउझर बंद झाला की जाते.

पायरी ६: पानातली चिठ्ठी

ही पायरी सर्वांत किचकट आहे, कारण इथे आपण दुसऱ्याच्या घरात आहोत.

चिठ्ठीसाठी एक घटक तयार करा, त्याला बंद शॅडो रूट (पानापासून वेगळा ठेवलेला आतला भाग) जोडा आणि सगळं आत बांधा. पानाचे स्टाइल नियम आत शिरत नाहीत, पण वारशाने येणारे गुण येतात: रंग, फॉन्ट, ओळींमधलं अंतर, अक्षरांमधली जागा. म्हणून बाहेरच्या घटकावर ‘ऑल’ हा गुण ‘इनिशियल’ करा. त्यानेही लेखनाची दिशा बदलत नाही, ती वेगळी लिहा. मापं पिक्सेलमध्ये द्या, रेममध्ये नको. रेम पानाच्या मूळ अक्षरमापावर चालतं, आणि एखाद्या साइटने ते १० पिक्सेल केलेलं असलं की तुमची चिठ्ठी काडेपेटीएवढी होते. शॅडो रूटच्या आत फॉन्ट जाहीर केला तर तो लागू होत नाही. तो जाहीर करावा लागतो मुख्य दस्तऐवजात. माझा सल्ला, चिठ्ठीत सिस्टिमचाच देवनागरी फॉन्ट वापरा आणि तुमच्या आवडीचा फॉन्ट साइड पॅनलसाठी राखा.

सगळ्यांच्या वर दिसण्यासाठी २१४७४८३६४७ असा भला मोठा झेड-इंडेक्स देण्याची जुनी रीत आहे. आता तिची गरज नाही. पॉपओव्हर हा गुण क्रोम ११४, सफारी १७ आणि फायरफॉक्स १२५ पासून आहे. तो ‘मॅन्युअल’ ठेवला की घटक सर्वांत वरच्या थरात येतो, कोडमधून क्लिकशिवाय दाखवता येतो, बाहेर क्लिक झाल्याने मिटत नाही आणि आत ऑटोफोकस नसेल तर फोकसही ओढत नाही. आपल्याला हवं ते सगळं एका गुणात.

जागा खालचा उजवा कोपरा, रुंदी ३२० पिक्सेलच्या आत. पानाचा मजकूर ढकलू नका. चिठ्ठी उमटल्यावर पहिला अर्धा सेकंद तिच्यावरचे क्लिक दुर्लक्षित करा. माणूस तिथल्याच एखाद्या बटणावर क्लिक करायला निघालेला असेल तर त्याचं बोट चुकून तुमच्या बटणावर पडतं, आणि त्याने न मागितलेलं पॅनल उघडतं. सरकत येण्याची हालचाल असेल तर ती कमी हालचाल पसंत करणाऱ्यांसाठी पूर्ण बंद करा.

आणि छपाई. उताऱ्याचं पान लोक छापतात, तलाठ्याकडे किंवा बँकेत न्यायला. पानातली चिठ्ठी कागदावरही येते, नेमकी सही-शिक्क्याच्या जागेवर. छपाईच्या स्टाइलमध्ये ती लपवा. एका ओळीचं काम आहे, आणि ते राहून गेलं तर वापरकर्ता एक्स्टेन्शन काढून टाकेल.

स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी चिठ्ठीला ‘स्टेटस’ ही भूमिका द्या, म्हणजे चालू वाचन न तोडता सूचना ऐकू येते. मजकूर पूर्ण वाक्य असू द्या: ‘या उताऱ्यातल्या सहा शब्दांचे अर्थ उपलब्ध आहेत.’ कळफलकावरून चिठ्ठीपर्यंत पोचायला पानातले सगळे दुवे ओलांडावे लागू नयेत, म्हणून एक शॉर्टकट ठेवा. एस्केपने चिठ्ठी बंद व्हावी, पण फोकस तिच्या आत असेल तेव्हाच. एरवी ती कळ पानाची आहे. चिठ्ठीत लिहिण्याचा रकाना असेल तर त्यातल्या कळा बाहेर पानापर्यंत जाऊ देऊ नका, कारण पानाचे स्वतःचे शॉर्टकट त्यावर चालू पडतात.

पायरी ७: चिठ्ठीतून साइड पॅनल

माणूस ‘अर्थ दाखवा’ दाबतो. कंटेंट स्क्रिप्टला साइड पॅनल उघडता येत नाही, ती सर्व्हिस वर्करला संदेश पाठवते. क्रोममध्ये त्या क्लिकचा हक्क संदेशासोबत वर्करपर्यंत पोचतो, पण तो फार थोडा वेळ टिकतो. संदेश मिळाल्यावर वर्करने पहिली गोष्ट करायची ती पॅनल उघडण्याची. आधी स्टोरेज वाचायचं, सेटिंग तपासायची, मग उघडायचं, असा क्रम ठेवला तर ‘फक्त युजर जेश्चरच्या उत्तरात चालेल’ अशी त्रुटी येते, आणि कधी येते कधी नाही म्हणून तासन्तास डोकं खाते. टॅबचा क्रमांक संदेश पाठवणाऱ्याच्या माहितीत असतोच. तो घेऊन लगेच उघडा, बाकी सगळं नंतर.

फायरफॉक्समध्ये हा हक्क संदेशातून पुढे जात नाही. तिथे चिठ्ठीतल्या बटणाने साइडबार उघडणार नाही. त्या आवृत्तीत चिठ्ठीवर बटणाऐवजी शॉर्टकट लिहा किंवा थोडक्यात अर्थ चिठ्ठीतच दाखवा. साइडबार उघडण्यासाठी टूलबारचं बटण, राइट-क्लिक मेन्यू आणि शॉर्टकट असे तीन मार्ग राहतात. दोन्ही ब्राउझरांत एकच अनुभव देण्याच्या हट्टापायी न चालणारं बटण ठेवू नका.

टूलबारच्या आयकॉनवर क्लिक केल्यावरही साइड पॅनल उघडावं, यासाठी क्रोममध्ये एक सेटिंग आहे. ते सर्व्हिस वर्करमध्ये एकदा लावून ठेवा. चिठ्ठी बंद केलेल्यांसाठी तोच मार्ग उरतो.

पायरी ८: उघडं पॅनल पानामागोमाग न्या

साइड पॅनल दोन तऱ्हेने वापरता येतं. एक, सगळ्या टॅबना मिळून एक पॅनल. दोन, टॅबनुसार वेगळं, जिथे लागू नाही त्या टॅबवर बंद. दुसऱ्या तऱ्हेत माणूस बातम्यांच्या टॅबवर गेला की पॅनल आपोआप दिसेनासं होतं आणि उताऱ्याच्या टॅबवर परतला की पुन्हा दिसतं. क्लिक न करता, ब्राउझरच्या पूर्ण संमतीने. सातबाऱ्यासाठी मला हीच तऱ्हा योग्य वाटते. शब्दकोश किंवा टिपणवहीसारखं सतत लागणारं काही असेल तर पहिली.

पहिली निवडली तर पॅनलच्या पानानेच टॅब बदलल्याच्या आणि पान बदलल्याच्या घटना ऐकायच्या. प्रत्येक खिडकीचं पॅनल वेगळं असतं, पण घटना सगळ्या खिडक्यांच्या येतात. आपल्या खिडकीचा क्रमांक आधी विचारून ठेवा आणि बाकीच्या गाळा. नाहीतर शेजारच्या खिडकीत टॅब बदलला की इथला मजकूर उडतो.

मजकूर बदलताना माणूस काय करत होता ते जपा. त्याने क्षेत्राच्या रकान्यात ०.८१.०० टाकून ‘८१ आर, सुमारे २ एकर’ असं उत्तर पाहिलं असेल, आणि तेवढ्यात पान बदललं म्हणून ते पुसलं गेलं, तर आपोआपपणाचा रागच येईल. नवी माहिती वरच्या भागात बदला, माणसाने स्वतः लिहिलेलं खाली जसंच्या तसं ठेवा. दाखवण्यासारखं काही नसेल तेव्हा जुनी माहिती तशीच ठेवू नका. एका गटाचा अर्थ दुसऱ्या गटाच्या उताऱ्याशेजारी राहणं जमिनीच्या व्यवहारात घातक आहे. पॅनलच्या डोक्यावर ही माहिती कुठल्या पानाची आहे हे नेहमी लिहा.

उताऱ्यावर लोकांची नावं, कर्जाचे बोजे, वारसांच्या नोंदी असतात. शब्दांचे अर्थ आणि गणित एक्स्टेन्शनच्या आतच ठेवा, पानातला मजकूर कुठल्याही सर्व्हरला पाठवू नका. आपोआप उघडणाऱ्या गोष्टीवर ही जबाबदारी जास्तच येते, कारण ती कधी वाचते आहे हे माणूस प्रत्येक वेळी ठरवत नाही.

पायरी ९: ‘बंद’ म्हणजे बंद

बंद करण्याचे तीन अर्थ असतात आणि तिन्ही वेगळे साठवा. चिठ्ठीवरची फुली म्हणजे या टॅबवर आता नको. एकाच साइटवर दुसऱ्यांदा फुली मारली की चिठ्ठीतच विचारा: ‘या साइटवर दाखवणं थांबवू?’ तिसऱ्यांदा न विचारता स्वतःच थांबा, आणि पॅनलमधली चौकट रिकामी करा. ‘कुठेच नको’ हा पर्याय सेटिंगच्या पानावर ठळक ठेवा.

पॅनल कोडने उघडलं असो की हाताने, ते बंद झालेलं कळायला हवं. पॅनल उघडताना त्याच्या पानाने सर्व्हिस वर्करशी पोर्ट (संदेशांची चालू जोडणी) जोडून ठेवायचा. पॅनल बंद झालं की पोर्ट तुटतो आणि वर्करला कळतं. वर्कर जागा झाल्यावर पॅनल कुठे उघडं आहे हे तपासायचं असेल, तर एक्स्टेन्शनच्या चालू संदर्भांची (उघडी पानं, पॅनल वगैरेंची) यादी मागण्याची सोय क्रोम ११६ पासून आहे.

हे सगळं त्याच संगणकापुरत्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा. कुणी कोणत्या साइटला हो आणि कोणत्या साइटला नाही म्हटलं, ही त्याच्या वावराची यादीच असते, आणि सिंक केल्यावर ती त्याच्या कार्यालयातल्या संगणकावरही पोचते.

पायरी १०: अरुंद पट्टीतली देवनागरी

साइड पॅनलची रुंदी वापरकर्ता बदलतो आणि ते कुठल्या बाजूला असावं हेही तोच ठरवतो, तेव्हा डावं-उजवं गृहीत धरून बाण काढू नका. मजकूर ३२० पिक्सेलमध्ये आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. अक्षरं १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका आणि ओळींमधलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजीसाठी ठरवलेल्या १.२ मध्ये वरची वेलांटी आणि रफार मागच्या ओळीच्या उकाराला भिडतात. अक्षरांमध्ये जादा जागा सोडू नका, शिरोरेषा तुटते. ‘भोगवटादार’, ‘हस्तांतरण’ असे लांब शब्द बटणावर दोन ओळींत जाऊ शकतात हे धरूनच बटणाची उंची मोकळी ठेवा.

पायरी ११: चाचणी

विकास साधनांची (डेव्हटूल्सची) खिडकी उघडी ठेवून सर्व्हिस वर्कर तपासला तर तो झोपतच नाही, आणि अर्ध्या चुका लपून राहतात. ती बंद करा, मिनिटभर थांबा, मग चिठ्ठीतलं बटण दाबा. पॅनल उघडलं तर बरं.

नंतर फक्त कळफलकावर पूर्ण फॉर्म भरून पाहा. मागच्या टॅबमध्ये पान उघडून पाहा. दोन खिडक्या शेजारी ठेवून पाहा. पान २०० टक्के मोठं करून पाहा. छपाईचं पूर्वदर्शन पाहा. संथ नेटवर आणि आधी जोडणी तोडून, अशा दोन्ही वेळा पाहा. क्रोमियमवर चालणाऱ्या एजसारख्या ब्राउझरांत साइड पॅनलची मांडणी वेगळी दिसते, तिथली चाचणी वेगळी घ्या.

शेवटी ज्याच्यासाठी हे केलं त्या माणसाला समोर बसवा, एक्स्टेन्शनबद्दल काही न सांगता त्याला उतारा काढायला सांगा, आणि बोलू नका. चिठ्ठी आल्यावर त्याचा हात कुठे जातो ते पाहा. फुलीकडे गेला तर कारण विचारा. बहुतेक वेळा चिठ्ठी वेळेआधी आलेली असते किंवा पहिल्या ओळीत तुमच्या एक्स्टेन्शनचं नाव असतं आणि त्याला लागणारा शब्द दुसऱ्या ओळीत.

पायरी १२: स्टोअरला देताना

वर्णनात आपोआप काय दिसतं, कुठे दिसतं आणि ते कसं थांबवायचं हे पहिल्या परिच्छेदातच लिहा. चिठ्ठी आणि पॅनल दोन्हींची चित्रं जोडा. क्रोम वेब स्टोअरचा नियम एक्स्टेन्शनचा हेतू एकच असावा असा आहे, तेव्हा सातबाऱ्याच्या पॅनलमध्ये पिकांचे बाजारभाव घुसवू नका, कितीही उपयोगी वाटले तरी. प्रत्येक परवानगीचं कारण विचारतात, त्यात पायरी १ मधलं वाक्यच लिहा. परीक्षकाला ऐच्छिक परवानगीची वाट सापडावी म्हणून चौकट कुठे आहे, तिच्यात टिक केल्यावर कोणतं पान उघडायचं आणि तिथे काय दिसेल हे सूचनांत क्रमाने द्या. खऱ्या उताऱ्याचं पान दाखवून कुणाची नावं उघड करण्यापेक्षा काल्पनिक नावांचा एक नमुना उतारा तयार करून एक्स्टेन्शनमध्येच ठेवा. नवीन वापरकर्त्यालाही त्यावर पॅनल आधी करून पाहता येईल.